साठ हजारची पुडी: कधी, किती आणि कशाबरोबर

चिठ्ठीवर लिहिलेलं असतं: कोलेकॅल्सिफेरॉल (म्हणजे व्हिटॅमिन डी-थ्री) ६०,०००, आठवड्यातून एकदा, आठ आठवडे. मेडिकलमधून आठ पुड्या किंवा चार-चार गोळ्यांच्या दोन पट्ट्या मिळतात. यापुढं जे काही बिनसतं ते बहुतेक वेळा या ओळीतल्या ‘आठवड्यातून’ आणि ‘आठ’ या दोन शब्दांवर. कुणी रोज एक घेऊन आठ दिवसांत संपवतं. कुणी तीच चिठ्ठी दाखवून दोन-दोन वर्षं पुड्या आणत राहतं, कारण ‘व्हिटॅमिनच आहे, ताकदच येणार’.

आधी आकड्यांचा अंदाज घेऊ. १ मायक्रोग्रॅम डी म्हणजे ४० आय.यू. (इंटरनॅशनल युनिट, मात्रेचं माप). साठ हजारच्या पुडीत प्रत्यक्ष औषध जेमतेम दीड मिलिग्रॅम. बाकीची साखर आणि चव. आठवड्याला एक घेतली तर दिवसाला साधारण ८,५०० आय.यू. पडतात. महिन्याला एक घेतली तर दिवसाला २,०००. भारतीय प्रौढांसाठी राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२० ची शिफारस रोज ६०० आय.यू. आहे, साठीपुढं ८००. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय रोज घेण्याची वरची मर्यादा ४,०००. म्हणजे आठवड्याची पुडी ही रिकामी टाकी भरायची मोटर आहे. टाकी भरल्यावरही ती चालू ठेवली तर काय होतं ते पुढं येईलच.

पुडी घ्यायची कशी

आधी वार ठरवा आणि कॅलेंडरवर आठ तारखांना खुणा करा. सोमवारी सिद्धेश्वराचा उपवास धरत असाल तर सोमवार नको, एकादशीशी गाठ पडेल असा हिशोबही नको. हे जीवनसत्त्व स्निग्धात विरघळतं, त्यामुळं ते दिवसाच्या सगळ्यात भरपेट जेवणाबरोबर घ्यायचं. भाकरी, तेलाची फोडणी असलेली आमटी किंवा पिठलं, शेंगा चटणी आणि वर दही एवढं ताटात असलं की स्निग्धाची सोय झाली. मुद्दाम तूप ओतायची गरज नाही. सकाळी उपाशीपोटी कोऱ्या चहाबरोबर घेतलेल्या पुडीतलं बरंच औषध अंगी लागत नाही. तीन महिन्यांनी ‘गोळ्या घेतल्या, पण रक्तातला डीचा आकडा हलला नाही’ या तक्रारीमागं अनेकदा एवढंच असतं.

पुडी अर्धा कप कोमट किंवा गार दुधात टाका, नीट ढवळा, लगेच प्या. दाणे पेल्याच्या तळाला आणि कडेला चिकटतात. त्यात आणखी दोन घोट दूध घालून विसळून तेही प्या. उकळत्या दुधात टाकू नका. पुडीत साखर असते, मधुमेह असणाऱ्यांनी ते लक्षात ठेवावं. आठवड्यातून एकदा एवढ्याशा साखरेनं मोठा फरक पडत नाही, पण नको असेल तर मऊ कॅप्सूल किंवा बिनसाखरेच्या पातळ औषधाची बाटली मागता येते. ५ मिलीच्या छोट्या बाटलीत अख्खे ६०,००० असतात. ती एका वेळची मात्रा आहे. चमच्या-चमच्यानं रोज घ्यायचं टॉनिक नाही.

वार चुकला तर आठवण होईल त्या दिवशी घ्या आणि पुढची तारीख तिथून मोजा. दोन एकदम घेऊ नका. चुकून आठवडाभर रोज घेतली गेली असेल, तर धडधाकट माणसाला त्यानं लगेच काही होत नाही. पण उरलेल्या बंद करा आणि डॉक्टरांना सांगा. ते रक्तातलं कॅल्शियम आणि मूत्रपिंडाचं काम सांगणारं क्रिएटिनिन बघतील.

शाकाहारी घरात विचारला जाणारा प्रश्न: हे येतं कुठून? डी-थ्री बहुतेक मेंढीच्या लोकरीवरच्या मेणचट थरातून काढतात. घोंगडीच्या नव्या लोकरीला जो तेलकट हात लागतो, तोच हा पदार्थ. त्यासाठी मेंढी मारावी लागत नाही. मऊ कॅप्सूलचं कवच मात्र बहुधा जिलेटिनचं, म्हणजे प्राणिज असतं. ते चालत नसेल तर पुडी किंवा चघळायची गोळी घ्या. दगडफुलाच्या जातीतल्या लायकेनपासून काढलेलं डी-थ्रीही मिळतं, महाग असतं. डी-टू पूर्ण शाकाहारी, पण ते रक्तातला आकडा तुलनेनं कमी वाढवतं आणि लवकर उतरतं.

कोवळ्या उन्हाचा गैरसमज

सोलापूर १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरातल्या सगळ्यात लहान दिवशीसुद्धा इथं दुपारी सूर्य क्षितिजापासून ४९ अंश वर येतो. इंग्लंडात ऑक्टोबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत उन्हात कितीही बसलं तरी कातडीत डी तयार होत नाही. आपल्याकडं असा एकही महिना नाही. तरीही इथल्या लोकांचे डीचे रिपोर्ट १० ते १५ नॅनोग्रॅमच्या (दर मिलीलिटर रक्तामागं; २० च्या खाली कमतरता) घरात येतात, याचं कारण ऊन किती पडतं यात सापडत नाही. ते अंगावर कधी आणि किती पडतं यात आहे.

डी तयार करणारे किरण २९० ते ३१५ नॅनोमीटरचे, म्हणजे अतिनील ‘बी’. सूर्य खाली असताना त्यांना ओझोनच्या थरातून तिरकं, लांबचं अंतर कापावं लागतं आणि ते वाटेतच शोषले जातात. म्हणून सकाळी सातचं कोवळं ऊन अंगाला छान वाटतं, झोपेचं चक्र ताळ्यावर आणतं, पण डीच्या हिशोबात जवळपास शून्य. बाळाला तेल चोळून, न्हाऊ घालून सकाळच्या उन्हात धरायची पद्धत प्रेमाची आहे. तिच्या भरवशावर बाळाचे थेंब मात्र बंद करू नयेत.

घड्याळापेक्षा सावली बघा. तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तर सूर्य ४५ अंशांच्या वर आहे आणि ऊन कामाचं आहे. सावली लांब असेल तर ते ऊन फक्त उबेचं. सोलापुरात ही आखूड सावली डिसेंबरात सव्वाअकरा ते दीडच्या दरम्यानच मिळते. मार्चच्या शेवटी पावणेदहापासून सव्वातीनपर्यंत. मे महिन्यात सव्वानऊपासून साडेतीनपर्यंत, आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात तर सूर्य अगदी डोक्यावर येऊन सरळ उभ्या काठीची सावली काही क्षण नाहीशी होते. एक बारीक गोष्ट: आपण ७५.९ अंश रेखांशावर आणि देशाची वेळ ८२.५ अंशांची, त्यामुळं इथं खरी दुपार बाराला होत नाही. ऋतूनुसार १२:१० ते १२:४० च्या दरम्यान होते.

यातून वर्षाचं साधं वेळापत्रक निघतं. थंडीत, जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, जेवणाच्या सुट्टीत साडेबाराला बाहेर या. उन्हाळ्यात सव्वानऊ ते दहा ही वेळ गाठा. गच्चीवर पापड-कुरडयांचं वाळवण घालायला जाता त्याच वेळेला थोडं रेंगाळलं की झालं. पारा ४२ वर असताना ‘डी मिळेल’ म्हणून भर दुपारी उभं राहणं हा वेडेपणा आहे, उष्माघात डीची वाट बघत नाही. चेहरा, कोपरापर्यंत हात आणि पोटऱ्या उघड्या ठेवून गव्हाळ वर्णाला १५ ते २० मिनिटं, सावळ्या वर्णाला ३० ते ४०, आठवड्यातून तीन-चार वेळा. कातडी चुरचुरायच्या आत सावलीत या. जास्त वेळ बसून जास्त डी मिळत नाही. एका मर्यादेपुढं तेच ऊन तयार झालेला पदार्थ मोडून टाकतं. म्हणूनच उन्हामुळं डीची विषबाधा होत नाही, गोळीनं होते.

काचेतून हे किरण येत नाहीत. खिडकीशी बसून, गाडीची काच लावून घेतलेलं ऊन धरू नका. मग कमतरता कुणाला, हे सोलापुरात शोधायला लांब जावं लागत नाही. सूप मांडीवर घेऊन दिवसभर घरात विड्या वळणाऱ्या बायका, यंत्रमागावर बारा तासांची पाळी करून दिवसा झोपणारे कामगार, स्कार्फ-सनकोट-हातमोजे घालून गाडी चालवणाऱ्या मुली, दुकानात सकाळी दहा ते रात्री दहा बसणारे, आणि जिना उतरणं सोडलेले म्हातारे. वयानुसार कातडीची डी तयार करायची क्षमताही उतरते, त्यामुळं सत्तरीच्या माणसाला नुसत्या उन्हावर सोडणं बरोबर नाही.

जेवणातून फार मिळत नाही हे सरळ मान्य करावं. एका अंड्याच्या बलकात साधारण ४० आय.यू. पाकिटावर निळं ‘अधिक एफ’ चिन्ह असलेल्या दुधात लिटरमागं २०० ते ३०० आय.यू. घातलेले असतात, म्हणजे पेलाभर दुधात ४० ते ६०. तसंच चिन्ह असलेल्या तेलाच्या २० ग्रॅममधून ९० ते १३०. घाण्यावरचं शेंगदाणा किंवा करडई तेल चवीला कितीही सरस असलं तरी त्यात डी नसतं.

प्रतिकारशक्तीचं काय खरं

‘इम्युनिटी बूस्टर’ हा शब्द पाकिटावर दिसला की थोडं थांबा. डी आणि प्रतिकारशक्तीचा संबंध खरा आहे, जाहिरातीतला मात्र फुगवलेला.

कातडीत किंवा गोळीतून आलेलं डी यकृतात २५-हायड्रॉक्सी डी बनतं. रिपोर्टमध्ये मोजतात ते हेच. मूत्रपिंडात त्याचं कार्यक्षम रूप होतं आणि ते हाडांसाठी आतड्यातून कॅल्शियम ओढतं. इथपर्यंत शाळेत शिकलेलं असतं. पण जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी, म्हणजे मॅक्रोफेज, हेच रूपांतर स्वतःच्या पोटात करू शकतात. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसलं की क्षयाचा जंतू ओळखल्यावर ही पेशी आजूबाजूचं २५-हायड्रॉक्सी डी वापरून कॅथेलिसिडिन नावाचं जंतुनाशक प्रथिन बनवते. रक्तात कच्चा माल कमी असेल तर हे प्रथिनही कमी बनतं. दुसऱ्या बाजूला डी प्रतिकारशक्तीला आवरही घालतं, विनाकारण सूज भडकू देत नाही.

प्रयोगशाळेतलं माणसांत किती उतरतं? २०१७ मध्ये २५ चाचण्यांमधल्या सुमारे ११,००० लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. सर्दी-फ्लूसारखे श्वसनाचे संसर्ग थोडे कमी झाले. सगळ्यात जास्त फायदा ज्यांचा आकडा सुरुवातीला १० नॅनोग्रॅमच्या खाली होता त्यांना, आणि तोही रोज किंवा आठवड्याला लहान मात्रा घेणाऱ्यांना. एकदम मोठा डोस घेणाऱ्यांना काहीच नाही. पुढं आणखी चाचण्या जमा झाल्या तसा तो फायदा आक्रसत गेला. २०२५ च्या हिशोबात तो योगायोगापासून वेगळा काढता येईना. मंगोलियात ८,८५१ शाळकरी मुलांना तीन वर्षं दर आठवड्याला १४,००० आय.यू. दिले, बहुतेकांना कमतरता होती, तरी क्षयाची लागण कमी झाली नाही. अमेरिकेत २५,८७१ प्रौढांच्या चाचणीत रोज २,००० आय.यू. पाचेक वर्षं घेणाऱ्यांमध्ये संधिवातासारखे स्वतःच्याच शरीरावर उलटणारे आजार २२ टक्क्यांनी कमी दिसले. कर्करोग आणि हृदयविकाराची नवी प्रकरणं मात्र कमी झाली नाहीत.

आमचं मत: कमतरता असेल तर ती भरा, हाडांसाठी आणि स्नायूंसाठी ती भरायचीच आहे, प्रतिकारशक्तीला झाला तर थोडा हातभार. आकडा ३५ असताना ६५ करून सर्दी कमी होणार नाही. आणि दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर पुडी शोधत बसू नका, सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी फुकट होते.

सुरू करण्याआधी कुणी विचारावं

मुतखडा झालेल्यांनी. सोलापूरच्या उन्हाळ्यात पाणी कमी आणि घाम जास्त, त्यामुळं खडे तसेही होतात. त्यात डीबरोबर कॅल्शियमच्या गोळ्यांचा मारा नको. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी. क्षय किंवा सारकॉइडोसिस (अवयवांत सुजेच्या गाठी होणारा आजार) असणाऱ्यांनीही: वर सांगितलेल्या त्याच मॅक्रोफेज गाठींमध्ये बेलगाम डी सक्रिय करतात आणि रक्तातलं कॅल्शियम वाढू शकतं. उलट क्षयाचं रिफाम्पिसिन, फिटची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन ही औषधं डी लवकर संपवतात, त्यांना मात्रा जास्त लागते. रक्तदाबासाठी थायझाइड गटातली पाण्याची गोळी किंवा हृदयासाठी डिजॉक्सिन चालू असेल तर डॉक्टरांना न सांगता सुरू करू नका. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियमची गोळी यांत किमान चार तासांचं अंतर ठेवा. गरोदर बाईनं स्वतःहून साठ हजारची पुडी घेऊ नये. रोजची लहान मात्रा डॉक्टर ठरवतील.

इंजेक्शनचा आग्रह धरू नका. ३ लाख किंवा ६ लाखांचं इंजेक्शन ‘एकदाच टोचून मोकळं’ म्हणून आवडतं, पण शोषण बेभरवशाचं आणि एकदा दिलेलं परत काढता येत नाही. ऑस्ट्रेलियात वयस्क बायकांना वर्षाला एकदा ५ लाख आय.यू. तोंडावाटे दिले तर त्या पडण्याचं आणि हाड मोडण्याचं प्रमाण वाढलं. हे २०१० मध्येच छापून आलं. आतड्यातून शोषण होतच नसेल तेव्हा इंजेक्शनला जागा आहे, एरवी नाही.

जास्त झालं की काय दिसतं? भूक मरते, मळमळ, बद्धकोष्ठ, सतत तहान, वारंवार लघवी, अशक्तपणा, म्हाताऱ्या माणसात गोंधळल्यासारखं वागणं. गंमत अशी की ‘अशक्तपणा’ म्हणून त्याच माणसाला आणखी पुड्या दिल्या जातात. डी चरबीत साठतं, त्यामुळं गोळी बंद केल्यावरही त्रास महिनोन्महिने रेंगाळतो आणि मूत्रपिंडाला कायमची इजा होऊ शकते. अशी लक्षणं दिसली तर डी, कॅल्शियम दोन्ही थांबवून त्याच दिवशी रक्तातलं कॅल्शियम तपासा.

बाळाचे थेंब

आईच्या दुधात डी फार कमी असतं. म्हणून जन्मल्यापासून वर्षापर्यंत रोज ४०० आय.यू., वर्षानंतर रोज ६००. घोटाळा होतो तो बाटलीवर. एका कंपनीच्या थेंबांत १ मिलीमध्ये ४००, दुसरीच्या १ मिलीमध्ये ८००, तर काही परदेशी बाटल्यांत एका थेंबातच ४००. बाटली बदलली की ‘किती मिलीत किती आय.यू.’ ही ओळ पुन्हा वाचा आणि त्याच बाटलीबरोबर आलेला ड्रॉपर वापरा. ८०० वाली असेल तर अर्धा मिली. साठ हजारची ५ मिलीची बाटली आणि बाळाची बाटली एका फळीवर ठेवू नका. पेंगुळलेल्या डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात. मूल चालायला लागल्यावर पाय बाकदार दिसले, मनगटं जाड वाटली, तर थेंब वाढवून बघू नका, एक्स-रेसाठी बालरोगतज्ज्ञाकडं न्या.

तपासणी आणि त्यानंतर

चाचणीचं नाव ‘२५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी’. ‘१,२५’ वाली वेगळी आणि महाग आहे, ती कमतरता बघायला उपयोगाची नाही. उपाशी राहायची गरज नाही. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर लॅबला सांगा, काही यंत्रांचा आकडा त्यानं खोटा येतो. २० नॅनोग्रॅमच्या खाली कमतरता, २० ते ३० अपुरं असं बहुतेक रिपोर्टांवर छापलेलं असतं. त्यातल्या ‘अपुरं’ला फार घाबरू नका, २० च्या वर हाडांचं काम बहुतेकांचं नीट चालतं. एकक नॅनोमोल असेल तर २.५ नं भागा: ५० नॅनोमोल म्हणजे २० नॅनोग्रॅम. धडधाकट माणसानं दरवर्षी हौसेनं ही चाचणी करण्यात पैसे घालवू नयेत, रोज ६०० आय.यू. तपासणीशिवायही घेता येतात.

आठ पुड्या संपल्यावर लगेच तपासू नका. आकडा स्थिरावायला वेळ लागतो. सुरुवातीपासून तीन महिने झाल्यावर, जमल्यास त्याच लॅबमध्ये तपासा. ठीक असेल तर आठवड्याची पुडी बंद आणि पुढं रोज १,००० ते २,००० ची लहान गोळी. महिन्याला एक साठ हजार हाही मार्ग चालतो, गोळी विसरणाऱ्यांना तो सोपा. पण पन्नाशीपुढं रोजची लहान मात्रा बरी. ढोबळ मानानं रोजच्या १०० आय.यू.मागं आकडा १ नॅनोग्रॅमच्या आसपास चढतो. वजन खूप जास्त असेल तर दुप्पट-तिप्पट मात्रा लागते, कारण बरंचसं डी चरबीत जाऊन बसतं.

डी वाढलं आणि ताटात कॅल्शियम नाही, तर हाडांना काय मिळणार? प्रौढाला दिवसाला सुमारे १,००० मिलिग्रॅम लागतं. ज्वारीच्या भाकरीतलं फायटेट कॅल्शियम थोडं अडवतं, म्हणून दोन वेळा दूध-दही-ताक आणि भाकरीवर किंवा चटणीत मोठा चमचाभर बिनपॉलिशचे तीळ. त्या चमच्यात ९० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. कॅल्शियम कार्बोनेटची गोळी घेतच असाल तर तीही जेवणाबरोबर, एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको.

आठही पुड्या भरल्या पोटी, वार न चुकवता घेऊनही तीन महिन्यांनी आकडा २० च्या खालीच राहिला, तर मात्रा वाढवण्याआधी शोषणाकडं बघावं लागतं: जुनाट जुलाब, गव्हातलं ग्लुटेन न सोसणारा सिलिॲक आजार, यकृताचा किंवा पित्ताचा आजार, वजन घटवायची ऑर्लिस्टॅटची गोळी. पुड्यांची पट्टी आणि दोन्ही रिपोर्ट घेऊन फिजिशियनकडं जा आणि ‘रोज काय-काय औषधं घेता’ या प्रश्नाला आयुर्वेदिक आणि जिमच्या डब्यांसकट उत्तर द्या. त्या डब्यांतही डी घातलेलं असतं.